राहण्याजोगी जागा

सुभाषनगर, चेंबूर
रविवार, ता. १८ नोव्हेंबर १९८४

चि. सुलक्षणा,

तुझं कार्ड मीराच्या नावानं आलं. त्याचं उत्तर तिनं लिहून वेगळं टाकलं आहे. हे माझं. मे महिन्यानंतर तू मला एक ओळ लिहिली नाहीस, मीही लिहिली नाही. आता लिहितो आहे, कारण कार्डात तू पोरीला विचारलं आहेस, ‘परीक्षा झाली की कायमची माझ्याकडे येशील ना?’ दहा वर्षांच्या मुलीला असं विचारू नये. तिच्या आईनं तर नाहीच. ती ते कार्ड दप्तरात घेऊन फिरते आणि मी बघितलं की झाकते.

मीरा बरी आहे. थंडी पडली की खोकला होतो, तेवढाच. अभ्यास चांगला करते. डॉक्टरला दाखवलं होतं, तो काही विशेष म्हणाला नाही.

जानेवारीत तिच्या शाळेत विज्ञानाचं प्रदर्शन आहे. बाईंनी प्रत्येक मुलीला एक विषय दिला. हिला आला ‘मनुष्याला राहण्यास योग्य ग्रह’. गेले पंधरा दिवस आमच्या खोलीत दुसरं बोलणं नाही. मी चौथी पास, तीही गावच्या शाळेतली, जिथे मास्तर भात लावणीच्या दिवसांत येतच नसत. तरी ती मला समोर बसवते आणि बाईंसारखी बोट उगारून विचारते. चुकलो की पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून मला आता थोडं कळू लागलं आहे. ग्रह राहण्याजोगा व्हायचा तर आधी पाणी पाहिजे. ते वाफ होऊन उडून जाता कामा नये आणि दगडासारखं गोठून बसता कामा नये. त्यासाठी सूर्यापासूनचं अंतर बेताचं लागतं. आपली पृथ्वी तेवढी बरोबर जागी बसली आहे. बाकीचे कोणी जवळ जाऊन भाजले, कोणी लांब राहून गारठले.

आता मला सांग, तुझ्या पळसवाडीत पाणी कुठे आहे? शेजारचा शिवदास त्याच तालुक्यातला. तो म्हणतो, फेब्रुवारीपासून टँकर येतो, तोही आला तर. तू नर्स आहेस, सरकारनं तुला खोली दिली आहे, हे खरं. पण डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो, हे तूच मीराला लिहिलं आहेस. दिवे जातात. शाळा सातवीपर्यंत. इथे नळाला सकाळी दीड तास पाणी येतं, पण रोज येतं. पोरीनं कुठे राहायचं ते मी रागानं ठरवलेलं नाही. हिशेबानंच असं येतं.

तू मे महिन्यात आलीस तेव्हा खोलीला कुलूप होतं, याचा राग तू अजून धरला आहेस. संगमेश्वरला घराचं अचानक काम निघालं होतं. तुझं येण्याचं पत्र मला मिळालं नव्हतं. टपालाचं हल्ली काही खरं नाही.

परीक्षेनंतर काय करायचं ते परीक्षेनंतर बघू.

तुझे वडील
काशीराम


सुभाषनगर, चेंबूर
रविवार, ता. ९ डिसेंबर १९८४

चि. सुलक्षणा,

भोपाळचं वाचलं असशील. तिकडे पेपर दुसऱ्या दिवशी येत असेल, पण आला असेल. मी आठवडाभर वाचनालयात जाऊन सगळे पेपर वाचतो. घरी आलो की खिडकीशी उभा राहतो. आपल्या खिडकीतून कारखान्यांची धुराडी दिसतात हे तुला ठाऊक आहे. लहानपणी तू ती मोजायचीस. आता जास्त झाली आहेत. मी रोज बघतो, कुठल्यातून काय रंगाचं निघतंय.

शिवदास हसतो. तो बेस्टच्या डेपोत मेकॅनिक आहे, त्याला सगळ्याच वासांची सवय. म्हणतो, “काका, वास तर वीस वर्षं येतोय. आज तुम्ही मुद्दाम नाक वर करून उभे राहताय म्हणून जास्त येतो.”

मी म्हटलं, “थट्टा करू नको. घरात पोर आहे.”

तर तो म्हणाला, “म्हणून तर सांगतो. ताईकडं धाडा तिला. आमच्याकडची हवा एकदा छातीत भरली की माणूस तीन दिवस उपाशी चालतं.”

“आणि पाणी?”

“काका, माझ्या आज्याला भरल्या विहिरीचं पाणी घेऊ देत नव्हते. तरी ऐंशी वर्षं काढली त्यानं तिथं. विहिरीचं राहू द्या, पोरीच्या छातीचं बघा.”

मी त्याला डेपोतल्या बोनसचं विचारलं.

मीराचा अभ्यास आता हवेवर आला आहे. तू शिकलेली आहेस, तुला हे माहीत असेल. मला सत्तर वर्षं माहीत नव्हतं. हवेचे पाच भाग केले तर आपल्या कामाचा एकच. बाकीचे चार आपण नुसते आत घेतो आणि बाहेर सोडतो. चंद्राला हवाच नाही, कारण तो हलका आहे, त्याला ती धरून ठेवता येत नाही. मंगळाची अगदी विरळ. शुक्राला आहे, पण नको ती, आणि इतकी दाट की सूर्याची ऊब आत आली की बाहेर पडत नाही. शिसं वितळेल इतका तो तापला आहे. मीरा म्हणते, बाईंनी त्याला गोधडीची उपमा दिली.

मी तिला विचारलं, “आपल्या पृथ्वीला वर झाकण नाही, मग हवा उडून कशी जात नाही?”

ती म्हणाली, “पृथ्वी धरून ठेवते ना, आजोबा. झाकण लागत नाही.”

मी चार दिवस विचार करतो आहे. ज्याच्यावर सगळ्यांचा जीव आहे ते असं उघडंच ठेवलेलं, हे मला पटत नाही.

आपल्या हातात जेवढं आहे तेवढं मी केलं. पेपरच्या पट्ट्या कापल्या, कणकेची खळ केली आणि खिडकीच्या सगळ्या फटी बुजवल्या. वरचा झरोका पुठ्ठा लावून बंद केला. दोन गोणपाटं धुऊन दारामागे ठेवली आहेत. मरोळच्या कारखान्यात एकदा सिलिंडर फुटला तेव्हा आम्ही ओली गोणपाटं लावूनच वाचलो होतो. शकुबाई, शिवदासची बायको, येऊन बघून गेली. म्हणाली, “काका, घर आहे की लोणच्याची बरणी?” तिला बोलायला काय जातं.

मीराला हल्ली बसून झोपायची सवय लागली आहे. भिंतीला उशी लावते आणि टेकून झोपते. लहान मुलांना कसल्या कसल्या सवयी लागतात.

तुझे वडील
काशीराम


सुभाषनगर, चेंबूर
रविवार, ता. १३ जानेवारी १९८५

चि. सुलक्षणा,

फार लिहीत नाही. काल प्रदर्शन झालं. मीरा जाऊ शकली नाही. मागच्या रविवारी इथे गॅस सुटल्याची अफवा उठली होती, थोडी पळापळ झाली. त्यात तिला जरा चक्कर आली. दवाखान्यात दाखवलं. आता घरी आहे, पेज खाते, बोलते.

शकुबाई तुला पत्र लिहील असं वाटतं. ती बाई चांगली आहे, पण एकाचं दोन करून सांगते. तिच्या लिहिण्यावर जाऊ नको. रजा टाकून धावत येण्यासारखं काही नाही. तुझी नोकरी नवी आहे.

एक विचारायचं होतं. तुझ्या तिथे सकाळी धुकं असतं का? की हवा कोरडी असते? सहज विचारतो.

काशीराम


सुभाषनगर, चेंबूर
रविवार, ता. २७ जानेवारी १९८५

सुलक्षणा,

हे पत्र टपालात टाकलेलं नाही. ते शिवदासकडे दिलं आहे आणि त्याच्याबरोबर मीरा आहे. आधी तिला आत घे. तिला गाडी लागते, उलटी झाली असेल, तोंड धुवायला पाणी दे. ती झोपली की मग हे वाच. तिच्यासमोर वाचू नको.

मागचं पत्र खोटं होतं. त्याआधीच्या दोन पत्रांतही जे महत्त्वाचं तेच खोटं होतं.

सहा तारखेला, रविवारी दुपारी तीनच्या सुमाराला, मीरा गॅलरीत बसून प्रदर्शनाची पृथ्वी करत होती. कागदाच्या लगद्याचा गोळा आणि त्यावर निळा कागद. सकाळपासून उग्र वास येत होता. मी दहा वेळा आत-बाहेर केलं होतं. एवढ्यात खालून आरडाओरडा झाला, “गॅस! गॅस सुटला!” बायका नाकाला ओला पदर लावून पळत होत्या. शिवदास काय झालं ते बघायला खाली धावला. मी मीराला दंडाला धरून आत ओढलं. पृथ्वी गॅलरीतच पडली.

दार लावलं. खाली ओली गोणपाटं कोंबली. मोरीच्या भोकात धोतर घातलं. खिडकी आधीच बंद होती. आपली खोली तुला माहीत आहे, दहा बाय बाराची. त्यात आम्ही दोघं.

घाबरून मीराला धाप लागली. तिच्या छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज येतो. हे मी तुला कधी कळवलं नाही. ऑगस्टपासून येतो. वाफ दिली की तिला उतार पडतो. स्टोव्हला रॉकेल नव्हतं. गॅलरीत चहासाठी पेटवलेली कोळशाची शेगडी होती. मी दार वीतभर उघडलं, शेगडी आत घेतली, दार लावलं, गोणपाटं पुन्हा कोंबली आणि तिच्यावर पातेलं चढवलं.

शेगडी आत घ्यायची तर खिडकी उघडी पाहिजे, हे चाळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तुझी आई होती तेव्हा दर थंडीत तुला ओरडून सांगायची. आणि मी तर एकतीस वर्षं बॉयलरवर काढली. आग किती हवा खाते ते मी ज्वाळेच्या रंगावरून सांगायचो, साहेबलोक माझं ऐकून लिहून घ्यायचे. तोच मी, बंद खोलीत शेगडी ठेवून तिला वारा घालत बसलो. माझं सगळं लक्ष बाहेरच्या हवेवर होतं. आतल्या हवेचा विचार मनात आला नाही. खरं सांगतो, एकदाही आला नाही.

वाफ घेतल्यावर ती शांत झाली. खोकला थांबला. गालांवर लाली आली. मी म्हटलं, “बघ, बरं वाटलं ना?” ती म्हणाली, “आजोबा, डोकं दुखतंय.” मी म्हटलं, “भीतीनं दुखतं, थांबेल.” मग म्हणाली, “झोप येते.” सुलक्षणा, मला आनंद झाला. दोन महिन्यांत ती आडवी होऊन झोपली नव्हती. मी तिला आडवी केली, अंगावर पांघरूण घातलं आणि शेगडीत दोन कोळसे आणखी टाकले.

थोड्या वेळानं शिवदास दार वाजवू लागला. “काका, काही नाही! मागच्या रस्त्यावर डांबर तापवतायत, त्याचा वास! दार उघडा!”

मला वाटलं, हा भ्रमात आहे. मी आतून म्हटलं, “घरी जा. दार लावून बस.” माझी जीभ जड झाली होती, पाय हलत नव्हते. तेही मी भीतीवर घातलं.

मग शकुबाईचा आवाज आला. “काका, पोरीला बोलायला सांगा! मीरे, ए मीरे, ओ दे गं!”

मीरानं ओ दिली नाही. मी म्हटलं, “ओरडू नका, झोपली आहे ती.”

शिवदासनं पहारीनं कडी तोडली. मला त्यानं पायानं बाजूला लोटलं, तिला खांद्यावर टाकलं आणि तसाच जिना उतरला. शकुबाईनं मला गॅलरीत ओढलं. मी तिच्या अंगावर ओकलो.

इस्पितळात मीराच्या तोंडावर मास्क लावून ऑक्सिजन दिला. तोच पाचातला एक भाग, सिलिंडरमधून. साडेचार तासांनी तिनं डोळे उघडले. तिथे तीन दिवस होती, मी तुला दवाखान्यात दाखवलं असं लिहिलं. डॉक्टरीणबाई तरुण होती, तुझ्याच वयाची. तिनं विचारलं, “शेगडी किती वेळ होती?” मी म्हटलं, “पाऊण तास.” तिनं ते लिहिलं. मग विचारलं, “तुम्ही काय काम करत होता, आजोबा?” मी सांगितलं, वॉचमन होतो. बॉयलरचं नाव मला घेता आलं नाही.

शिवदास तुला तार करायला निघाला होता. मी त्याच्या पाया पडलो. तो माझ्याहून तीस वर्षांनी लहान. तो मागे सरला, म्हणाला, “काका, हे बरोबर नाही.” पण माझ्याकडे बघून थांबला. त्याला दोष देऊ नको.

दुसऱ्या दिवशी मीरा मला म्हणाली, “आजोबा, शुक्रावर असंच असेल ना? आधी ऊब वाटत असेल.” तिच्या मनात माझ्याबद्दल काही नव्हतं. ती प्रदर्शनाचाच विचार करत होती. त्या दिवसापासून मला अन्न गोड लागत नाही.

आता राहिलेलं.

ऑगस्टमध्ये पालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं तिची छाती तपासून मला स्पष्ट सांगितलं होतं, “हिला इथून हलवा. कोरड्या, मोकळ्या हवेत ठेवा. बाहेरगावी कोणी आहे का?” मी सांगितलं, “कोणी नाही.” तू पळसवाडीत होतीस, आणि मी त्या माणसाच्या तोंडावर म्हटलं, कोणी नाही.

मे महिन्यात तुझं पत्र मला मिळालं होतं. पाच तारखेला मिळालं. ते वाचून मी संगमेश्वरची तिकिटं काढली. घराचं काहीही काम नव्हतं. तू दोन दिवस शकुबाईकडे आमच्या दाराकडे तोंड करून बसलीस, जेवली नाहीस, तिसऱ्या दिवशी गेलीस, हे मला परत आल्यावर तिनं सांगितलं. मी मीराला सांगितलं की आई आलीच नाही. आठ महिने ती तेच समजून होती.

काल तिला खरं सांगितलं. तिनं दप्तरातून तुझं कार्ड काढून समोर ठेवलं. मग म्हणाली, “आई इथे बसली होती तेव्हा आपण काय करत होतो?”

मी म्हटलं, “आंबे उतरवत होतो.”

ती उठली आणि तुझं कार्ड घेऊन शकुबाईकडे जाऊन बसली. संध्याकाळी परत आली. मी तिचे पाय चोळायला घेतले तर तिनं चोळू दिले.

मी हे का केलं ते तुला समजावं असं मला वाटतं, माफ करावंस म्हणून नाही. जावई गेले तेव्हा तू दोन वर्षांची मीरा घेऊन इथे आलीस. पुढच्या वर्षी तुझी आई गेली. मग तू ट्रेनिंगला, मग नोकरीला. खोलीत दुसऱ्या कोणाचा श्वास ऐकू आला नाही तर मला काही सुचत नाही. त्या श्वासासाठी मी तिला ठेवून घेतलं, आणि तोच बिघडत चालला होता हे रोज ऐकत राहिलो. मी तुझ्या गावात काय काय नाही त्याची यादी करत होतो. पाणी नाही, डॉक्टर नाही, दिवे नाहीत. हे सगळं खरंच आहे. पण ज्या एका वस्तूवाचून पोरगी चार मिनिटंही काढू शकत नाही ती माझ्याकडे नव्हती, आणि जी होती ती मी खळीनं बंद करून टाकली.

मी सोबत आलो नाही. तू दारात उभं करणार नाहीस या भीतीनं नाही, ते तू केलंस तर योग्यच आहे. मी आलो तर पहिल्यांदा पाण्याचं पिंप बघीन. मग औषधांचं कपाट बघीन. रात्रीपर्यंत मला दहा गोष्टी कमी सापडतील आणि सकाळी मी तिचं बोट धरून परत निघायचं बघीन. मी स्वतःला ओळखतो. म्हणून कुर्ल्याच्या स्टँडवरही गेलो नाही, जिन्यातूनच परत फिरलो.

शाळेचा दाखला तिच्या पिशवीत आहे. इस्पितळाचे कागद आहेत, ते तुला वाचता येतील. धाप लागली की तिच्या पाठीवर थोपटू नको, तिला आवडत नाही. नुसता हात ठेव. केळं देऊ नको. प्रदर्शनाचं सामान शकुबाईनं बांधून दिलं आहे. पृथ्वी चेपली होती, ती मीरानं दुरुस्त केली.

काशीराम


सुभाषनगर, चेंबूर
रविवार, ता. ३ फेब्रुवारी १९८५

चि. सुलक्षणा,

शिवदास काल परत आला. मी सकाळपासून गॅलरीत उभा होतो. त्याला पाय धुऊ दिले नाहीत, चहा घेऊ दिला नाही. शकुबाई म्हणाली, “अहो, त्याला बसू तरी द्या!” पण तोही बसला नाही. आम्ही दोघं कठड्याशी उभ्यानंच बोललो.

मी म्हटलं, “पाणी?”

म्हणाला, “टँकर. दोन दिवसांआड. ताईनं चार हंडे भरून ठेवलेत.”

“डॉक्टर?”

“बुधवारी येतो. या बुधवारी नव्हता आला.”

“दिवे?”

“काका, कंदील आहेत.”

“मग पोरगी राहील कशी रे तिथे?”

त्यानं पिशवी कठड्याशी ठेवली. मग सांगू लागला. पहिले दोन दिवस मीरा घरातच होती, तुझ्या मागे मागे. खोकला होताच. तू औषध देत होतीस. तिसऱ्या दिवशी दुपारी गावामागच्या टेकडीकडे शाळेची मुलं चालली होती, ती त्यांच्यामागून निघाली. शिवदास धरायला धावला तर तू त्याला थांबवलंस. ती हळूहळू चढली. मुलं पुढे गेली. अर्ध्यावर एका दगडावर ती बसली. शिवदास म्हणतो, तेव्हा तूही पायरीवर उभी राहिलीस, पण गेली नाहीस. बऱ्याच वेळानं ती उठली, आणि वर गेली. अगदी वर. तिथून तिनं तुम्हाला हाक मारली.

“काय म्हणाली?” मी विचारलं.

“काय की. वारा होता. पण हाक मोठी मारली.”

“धाप लागली नव्हती?”

“काका, धाप लागलेलं माणूस टेकडीवरनं खाली ऐकू येईल अशी हाक मारतं का?”

मी त्याला हे तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्यानं तेच सांगितलं.

तू माझ्यासाठी काही निरोप दिलास का, हे मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. नंतर आम्ही टँकर कुठून भरतात याबद्दल बोललो. मग तो आंघोळीला गेला.

मी खिडकीच्या पट्ट्या काढतो आहे. खळ घट्ट बसली आहे, पाणी लावून लावून खरवडावी लागते. उजवी बाजू झाली, डावी राहिली. ते काम मला पुरेल.

मे महिन्यात मी येणार नाही. सुट्टीत तिला इकडे पाठव असंही म्हणणार नाही. पत्र लिहायचं की नाही ते तिचं तिला ठरवू दे, तू तिला आठवण करू नको.

ती पुन्हा टेकडीवर जाईल. अर्ध्यावर दगडावर बसेल. खालून बघताना फार वेळ बसली आहे असं वाटेल. आवाज देऊन तिला परत बोलावू नको.

तुझे वडील
काशीराम